यंत्राचा डोळा आणि माणसाचे पाऊल



वसंतातल्या या व्याख्यानमालेत एका कामगार कार्यकर्त्याने स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही फार झालेली नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, फावल्या वेळात. परंतु हा विषय आपण होऊन आमच्या दारात आला, म्हणून त्याचा मागोवा घेणे भाग पडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका कंत्राटी कामगार भगिनीच्या अंगावरून वरचेवर जाऊ लागले. पाळी जाण्याचे दिवस असतील, अशी तिने समजूत करून घेतली. दवाखान्यात गेली तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात पोहोचला होता. इतके दिवस का थांबलीस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "दादा, दुखत नव्हतं. मग खाडा कशाला करू?" या एका वाक्याचा अर्थ शोधण्यासाठीच आम्ही पुढचा सारा इतिहास वाचला.

आज या रोगाच्या तपासणीसाठी नवे यंत्र आले आहे. ते दूरदेशीचे नाही. पुण्याच्याच पेरिविंकल टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'स्मार्ट स्कोप' नावाचे हातात मावणारे उपकरण तयार केले आहे. त्याच्या टोकाशी दिवा व कॅमेरा असतो. गर्भाशयमुखाला आधी पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या ओळखीचे व्हिनेगर, आणि मग आयोडिन लावून छायाचित्रे घेतात. ती टॅबलेटच्या पडद्यावर उमटतात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता थोड्याच वेळात सांगते की, येथे संशयास्पद काही दिसते की नाही. पूर्वी ज्या निदानासाठी निष्णात डॉक्टरांचा डोळा लागे, ते काम यंत्राच्या डोळ्याने करण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु हा डोळा आला म्हणजे आमच्या त्या भगिनीसारख्या स्त्रिया वाचतील काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर यंत्रात नसून इतिहासात आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम या रोगाचा स्वभाव पाहू. हा रोग घाईने येत नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूची लागण पुष्कळ स्त्रियांना होते आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, त्यांच्यापैकी काहींना कर्करोग होतो आणि त्यालाही साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. म्हणजे शत्रू वेशीवर येण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याची चाहूल लागू शकते. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. इतकी लांब मुदत देणाऱ्या रोगाने इतके बळी घ्यावेत, हा दोष रोगाचा नव्हे.

आता डोळ्याचा इतिहास. १९२५ साली जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी गर्भाशयमुख मोठे करून दाखविणारी दुर्बीण बनविली. १९२८ साली अमेरिकेत स्थायिक झालेले ग्रीक शास्त्रज्ञ जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी सांगितले की, योनिमार्गातील स्राव काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात. त्यांच्याकडे प्रथम कोणी लक्ष दिले नाही. १९४१ साली ट्राउट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जग जागे झाले. या संशोधनासाठी त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे स्वतःची तपासणी करू दिली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय स्त्री याच रोगाने वारली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. १९८३-८४ साली जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या रोगामागचे विषाणू शोधून काढले व २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतला अठराव्या क्रमांकाचा विषाणू लॅक्सबाईंच्या पेशींतही होता. या शास्त्राच्या प्रत्येक पायरीखाली कोणा ना कोणा स्त्रीचे शरीर आहे, हे ध्यानात ठेवावे.

परंतु डोळा मिळाला म्हणून मृत्यू थांबले काय? इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात काचेवरची तपासणी सुरू झाली. सूक्ष्मदर्शक होते, तज्ज्ञ होते, पैसाही होता. तरी वीस वर्षांत मनासारखा परिणाम दिसला नाही. जी बाई आपण होऊन येई, तिचीच तपासणी पुन्हा पुन्हा होई. जिला खरी गरज, ती घरीच राही. १९८८ साली नवी व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक स्त्रीचे नाव यादीत घालायचे, तिला पत्र पाठवून बोलवायचे, ठराविक वर्षांनी पुन्हा बोलवायचे. तपासल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण त्या वर्षी शेकडा ४२ होते, ते १९९४ पर्यंत ८५ झाले आणि मृत्यूंचा आकडा झपाट्याने खाली आला. तपासणीची रीत तीच होती. भर पडली ती बोलावण्याची.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आमच्या पिंपळे गुरवमध्ये पवनेकाठचे मूळ गाव थोडे आणि बाहेरून आलेली माणसे फार. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड येथून आलेली कुटुंबे गल्लोगल्ली आहेत. या माणसांना हे ऐकून अभिमान वाटावा की, या रोगाविषयी साऱ्या जगाने घेतलेला एक मोठा धडा त्यांच्याच मुलखातला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे डॉ. नेने यांच्या प्रयत्नांनी कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसे खेडोपाडी जात, लोकांना लक्षणे सांगत आणि शंका असेल त्या स्त्रीला दवाखान्यात येण्याविषयी समजावीत. त्यांच्याजवळ नवे यंत्र कोणतेच नव्हते; होती ती वाणी आणि वहाण. तरी काही वर्षांतच रोगाच्या अलीकडच्या टप्प्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले.

याच पायावर १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे, गावांच्या ५२ गटांतून, चार भाग पाडले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात काचेवरची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या भागात तपासणी नाही. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१ हजारांत ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी, एकाच फेरीत, मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा साधनाला महत्त्व नाही, असे आम्ही म्हणत नाही. साधन चांगले असावेच. आज जागतिक आरोग्य संघटनाही विषाणूच्या तपासणीलाच पहिली पसंती देते.

दुसरा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. १९९८ पासून टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले. व्हिनेगर लावल्यावर दूषित जागा मिनिटभरात पांढरी पडते, ती ओळखण्याची ही विद्या. या स्त्रिया घरोघर गेल्या आणि दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बोलावलेल्यांपैकी शेकडा ८९ स्त्रियांनी तपासणीत भाग घेतला. बारा वर्षांनी पाहिले तो मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. धाराशिवला एका फेरीत जे साधले नाही, ते मुंबईत त्याच व्हिनेगरने साधले. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती, हे खरे. तथापि चार वेळा दार ठोठावणाऱ्या त्या पावलांचा यात मोठा वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही प्रयोगांत तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो स्त्रियांची तपासणी झाली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली गेली, एवढेच. यावर पुढे अमेरिकेतून तक्रार झाली. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या काळी तेथे कोणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावून घेतले नाही. युक्तिवाद खोटा नाही. पण कारखान्यात आम्ही हाच युक्तिवाद पुष्कळदा ऐकला आहे: इथे सगळ्यांनाच इतकी मजुरी मिळते. नसलेल्या सोयीला रीत म्हणायचे आणि रीतीचा आधार घ्यायचा, हे आमच्या मनाला पटत नाही. त्या ६४ स्त्रियांचे ऋण आपल्या सर्वांवर आहे.

आणि ते ऋण फिटले काय? २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी व्हावी, असे मार्गदर्शन जाहीर केले. त्यानंतर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी एकदा तरी झाली, त्यांचे देशातील प्रमाण शेकडा दोनसुद्धा भरले नाही. बार्शी-धाराशिवने जगाला शिकविले. जगाने धडा घेतला आणि आपण तो विसरलो.

या पार्श्वभूमीवर यंत्राकडे पाहा. यंत्र आपण होऊन काही जाणत नाही. हजारो स्त्रियांची छायाचित्रे पाहून ते शिकते. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अशा यंत्रबुद्धीचा मोठा गवगवा झालेला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ती कोस्टा रिका देशातील ग्वानाकास्ते प्रांतातल्या नऊ हजारांवर स्त्रियांच्या जुन्या छायाचित्रांवर शिकली होती. पुढे अनुभव आला की, एका कॅमेऱ्यावर शिकलेली बुद्धी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर अडखळते. म्हणून यंत्राचा शब्द अखेरचा मानू नये. शंका निघाल्यास तुकडा काढून तपासणी करावी, आणि आपल्याकडच्या स्त्रियांवर यंत्राची पारख आधी व्हावी.

एवढे झाले की यंत्र खरोखर उपयोगी पडेल. तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक वस्तीत बसू शकत नाही. दहावी शिकलेली परिचारिका आणि हे उपकरण बसू शकेल. पण कामाच्या वेळात बसले तर कोण येणार? कंत्राटी बाईचा अर्धा दिवस बुडाला की मजुरी बुडते. म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये, मग बाई कायम असो की कंत्राटी. निकाल तिच्या हातात, तिला वाचता येईल अशा मराठीत द्यावा. दोष निघाला तर उपचार कोठे, कोणत्या दिवशी, हे तपासणीआधीच ठरलेले असावे. आणि तिचे छायाचित्र यंत्राला शिकविण्यासाठी वापरायचे असेल, तर तिला विचारावे. लॅक्सबाईंना कोणी विचारले नव्हते.

यांतली एकही मागणी यंत्राकडून पुरी होणार नाही. ती मालक, सरकार, महापालिका, संघटना आणि येथे बसलेले तुम्ही-आम्ही यांनीच पुरी करायची आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील तिशी ओलांडलेल्या एका स्त्रीला एवढेच सांगावे, की दुखण्याची वाट पाहू नकोस, एक खाडा झाला तरी चालेल. आमच्या त्या भगिनीला हे वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही, आम्हीसुद्धा नाही.