समोर कोण येणार हे माहीत नसताना बॉक्सर तयारी कशी करतो?

छत्रपती संभाजीनगरमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचं, म्हणजे 'साई'चं केंद्र आहे. इथे बॉक्सिंगचंही प्रशिक्षण दिलं जातं. अशा केंद्रात तयार होणाऱ्या खेळाडूपुढे एक अडचण कायम असते. स्पर्धेत आपल्यासमोर कोण उभं राहणार, हे त्याला महिनाभर आधी माहीत नसतं.

टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं नसतं. तिथे लढत काही महिने आधी ठरते. प्रतिस्पर्धी डावखुरा असेल तर डावखुरे साथीदार बोलावून सराव करता येतो. ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये मात्र ड्रॉ निघाल्यावर पहिला प्रतिस्पर्धी कळतो. पुढचा कोण, हे दुसरी लढत कोण जिंकतं यावर ठरतं. मध्ये एखादा दिवस मिळतो. त्यातही वजन वाढू द्यायचं नसतं.

मग तयारी कशाची?

माणसाची नाही, प्रकाराची. उंच, बुटका, अंगावर येणारा, मागे सरकत वाट बघणारा, डावखुरा. प्रत्येकासाठी वेगळं उत्तर घोटून ठेवायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ डावखुरा प्रतिस्पर्धी घालतो. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, डावखुरा उजवा. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय आणि पुढचे हात समोरासमोर येतात आणि नेहमीचा जॅब अडतो. अशा वेळी आपला पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचा, आपल्या डावीकडे सरकायचं आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा मारायचा, असं शिकवतात. ऐकायला सोपं आहे. पण डावखुरे कमी असल्याने सरावाला मिळत नाहीत. मग उजव्या हाताच्याच साथीदाराला उलटं उभं करून काम भागवावं लागतं.

उंचीचंही तसंच. वजनगट एकच असल्याने उंच बॉक्सर बहुतेकदा सडपातळ असतो, पण त्याचा हात लांब पोहोचतो. त्याच्याशी लांबून खेळणं म्हणजे फुकट मार खाणं. डोकं हलवत आत शिरायचं आणि पोट-बरगड्यांवर ठोसे द्यायचे. उलट कुणी सतत अंगावर येत असेल तर जॅबने थोपवून बाजूला सरकायचं. वाट बघणाऱ्यासमोर आधी खोटा ठोसा दाखवायचा, म्हणजे त्याचं उत्तर आधीच बाहेर पडतं.

वेळ किती असतो?

लढत 3 फेऱ्यांची, प्रत्येक फेरी 3 मिनिटांची. म्हणजे एकूण 9 मिनिटं. समोरचा कोणत्या प्रकारातला आहे, हे पहिल्या फेरीतच ओळखावं लागतं. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. त्यात श्वास, पाणी आणि प्रशिक्षकाच्या एक-दोन सूचना. लांबलचक भाषण डोक्यात शिरत नाही.

उशीर महागात पडतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध पहिली फेरी 1-4 ने हरली. पुढच्या दोन्ही फेऱ्या तिने 3-2 ने जिंकल्या. तरी लढत गेली. असं कसं? पाच जज असतात. (मराठीत 'पंच' म्हटलं तर ठोसा की निकाल देणारा, हा घोळ होतो, म्हणून जजच बरं.) प्रत्येक जज आपले तिन्ही फेऱ्यांचे गुण स्वतंत्र जोडतो. पाचपैकी तिघांच्या बेरजेत व्हॅलेन्सिया पुढे निघाली. पहिल्या फेरीतला फरक भरून निघालाच नाही.

ओळखीचा प्रतिस्पर्धी सोपा असतो का?

तसंही नाही. त्याच टोकियोमध्ये लवलिना बोर्गोहेनसमोर उपांत्यपूर्व फेरीत तैवानची चेन निएन-चिन होती. 2018 च्या जागतिक स्पर्धेत तिनेच लवलिनाला हरवलं होतं. आपण खास डावपेच न आखता मोकळेपणाने खेळलो, असं लवलिनाने नंतर सांगितलं. निकाल 4-1, आणि पदक पक्कं.

नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमधल्या युवा जागतिक स्पर्धेत 81 किलोंवरील गटात सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी कझाकस्तानमधल्या एलोर्डा कपच्या अंतिम फेरीत तिने यजमान देशाच्याच माजी विश्वविजेतीला 5-0 ने हरवलं. या गटात मुली मुळातच कमी. म्हणजे सरावाला आपल्या वजनाची साथीदार मिळणं हीच पहिली लढाई.

आणि बदलतो तो फक्त आपणच नाही. 2023 च्या मार्चमध्ये दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत लवलिनाने चीनच्या ली कियानला उपांत्य फेरीत 4-1 ने हरवलं. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत पुन्हा ली समोर आली, यावेळी निकाल 0-5. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा गाठ पडली आणि लवलिना 1-4 ने हरली. दिल्लीतल्या लढतीचा व्हिडिओ चीनच्या प्रशिक्षकांनाही उपलब्ध होताच.