अमेरिकेची तरुण मुले आणि आपण

न्यू जर्सीच्या एका आईने आम्हांला विचारले, "मुलगी कॉलेज संपवून वर्षभर मुंबईला स्वयंसेवक म्हणून जायचे म्हणते. आम्ही जिथून निघून आलो, तिथे हिचे काय काम?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. पण अमेरिकेची तरुण मुले आपल्या मुलखात येतात ही गोष्ट नवी नाही, तिला दोनशे वर्षे होऊन गेली.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. दोघेही तिशीच्या आतले. कंपनी सरकारला ते नको होते. परत जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते गुपचूप जहाजाने कोचीनकडे निघाले आणि पकडून परत आणले गेले. पुढे राहण्याची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकला, गावोगाव फिरला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. वय ४१. त्याच्या हेतूशी आमचे जमणार नाही, पण ध्यास खोटा होता असे कोण म्हणेल?

या मिशनने मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या. आपली मुले त्यांत शिकली, आपलेच लोक त्यांत मास्तर झाले. बाप्तिस्मा मात्र फारच थोड्यांनी घेतला. अक्षरे घेतली, धर्म आपला ठेवला. देणारा एक वस्तू घेऊन येतो आणि घेणारा दुसरीच उचलतो, असे आपल्या पूर्वजांच्या बाबतीत झाले.

नंतरची पिढी केनेडींच्या पीस कोअरची. १९६१ मध्ये ती संस्था निघाली, त्याच वर्षी पहिली तुकडी भारतात आली, आणि १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. बहुतेक नुकतीच पदवी घेतलेली मुले. कोणाला जग बघायचे होते, कोणाला व्हिएतनामची सक्तीची भरती पुढे ढकलायची होती, कोणाला खरोखर उपयोगी पडायचे होते. पुष्कळांच्या मनात तिन्ही असणार. गंमत अशी की आपल्या भागात सर्वांत जास्त नाव झाले ते अडुसष्ट वर्षांच्या बाईंचे. पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ ते १९६८ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत होत्या. नेमणूक कुटुंबनियोजनाची, पण त्या मूळच्या नर्स, म्हणून दवाखान्यात रमल्या. प्रशिक्षणात मराठी शिकूनच आल्या होत्या.

आता येतात ती ज्यू मुले. न्यूयॉर्कच्या 'जॉइंट'तर्फे काही वर्षभर मुंबईत राहतात, आपल्या मुलांना शिकवतात, म्हाताऱ्यांना भेटतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या गेब्रिएल प्रोजेक्ट मुंबईने ज्यू तरुणांना कळव्याच्या झोपडपट्टीत मुलांना शिकवायला नेले. तेव्हा आपल्यातच कुरकुर झाली: आपल्या गरिबांचे काय? कुरकुर अगदीच अस्थानी नव्हती. तरी ज्यांच्या शेजारी आपण इतकी शतके निर्धास्त राहिलो, त्यांच्या मुलांना चार अक्षरे शिकवली तर काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. चूक असलीच तर ती तीन आठवड्यांत फोटो काढून परतण्यात आहे. मुलांना बाईंचे नाव पाठ होईपर्यंत बाई विमानात बसलेल्या असतात.

म्हणून त्या आईला आम्ही लिहिले: वर्षभर जात असेल तर जाऊ द्या. कारणे विचारत बसू नका, बावीसाव्या वर्षी ती तिलाही सांगता यायची नाहीत. पण निघण्यापूर्वी थोडे मराठी शिकवा. शब्बाथला मशिदीत गेली की म्हाताऱ्या बायका पहिला प्रश्न विचारतील, "कोणाची गं तू?" तेव्हा तिला नुसते आडनाव नव्हे, त्या 'कर'च्या आधीचे गाव सांगता आले पाहिजे. एखाद्या रविवारी गेटवेवरून मांडव्याची लाँच धरून अलिबागला जावे, तिथून नवगावच्या कबरस्तानात. आणि तुमचे गाव पेणकडे असो की रोह्याकडे, तेही तिला कागदावर लिहून द्या.