मांजरमासे (घरगुती मत्स्यालयातील)

सिल्युरिफॉर्मिस या गणातील मिशाळ मासे. या गणात 3,000हून अधिक जाती आहेत. त्यांच्या अंगावर खवले नसतात. काहींची कातडी उघडी असते, तर काहींच्या अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत असते. मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असल्याने गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारातही त्यांना अन्न सापडते. कोकणातल्या मासळीबाजारातला शिंगाळा याच गणातला. घरच्या टाकीत मात्र चलती असते ती दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या जातींची.

निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीचा. दुकानात बहुतेक वेळा तो विचारला जात नाही. ‘टाकी साफ ठेवतो’ असे सांगून बोटभर लांबीचा, ठिपकेदार सकर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो. टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतला हा दक्षिण अमेरिकी मासा वाढत वाढत 40 सेंमीपर्यंत जातो. तो काचेवरचे शेवाळ खरवडतो हे खरेच, पण मागे विष्ठेच्या इतक्या लांब दोऱ्या सोडतो की साफसफाईच्या हिशेबात टाकीला तोटाच होतो. मासा टाकीच्या मापाने वाढतो, हाही असाच एक लाडका गैरसमज. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती साचलेल्या घाणीने आणि कोंडमाऱ्याने.

जागा पुरेनाशी झाली की कंटाळलेले मालक सकर जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. केरळमधल्या पाण्यांत तो आता चांगलाच रुळला आहे आणि 2020 मध्ये वाराणसीजवळ गंगेतही सापडला. नर अंड्यांसाठी काठात बिळे खणतात, त्याने काठ ढासळतात. अंगावरच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात. शिवाय या माशाला बाजारात भाव नाही.

दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा चंदेरी मासाही मुळात मांजरमासाच. मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला हा पंगास मीटरभराहून लांब वाढतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येणारे काटे काढलेले तुकडे बहुधा याचेच असतात. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणे म्हणजे गाभण म्हैस बाल्कनीत बांधण्यासारखे आहे.

घरच्या टाकीला शोभणाऱ्या जाती वेगळ्या. शेवाळ खाणाराच हवा असेल तर अँसिस्ट्रस, म्हणजेच ब्रिसलनोज, घ्यावा. तो 12 ते 15 सेंमीवर थांबतो आणि नराच्या नाकावर मऊ शिंगांचे झुडूप उगवते. टाकीत लाकडाचा ओंडका आणि दर दोन-तीन दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती मिळाली की तो खूश. काँगो खोऱ्यातला सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस पोट वर करून पोहतो आणि त्याची पाठ नव्हे, तर पोट गडद असते. आरपार दिसणारा काचमासा थायलंडचा. बाजारातल्या या जातीला स्वतःचे शास्त्रीय नाव मिळाले ते थेट 2013 मध्ये.

नवख्याने मात्र कोरी या मांजरमाशापासून सुरुवात करावी. ठिपकेदार कोरीचे नमुने बीगल जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विनने गोळा केले आणि 1842 मध्ये निसर्गअभ्यासक जेनिन्सने त्यांना नाव दिले. हे कळपात राहणारे मासे आहेत. एकटादुकटा आणला तर कोपऱ्यात दबून बसतो, म्हणून निदान सहा आणावेत. तळाला बारीक वाळू हवी. कोरी तोंडभर वाळू घेते, अन्नाचा कण ठेवून बाकीची कल्ल्यांतून गाळून टाकते. तीक्ष्ण खडी आणि त्यात सडलेले अन्न असेल तर मिशा झिजतात. मधूनच ती बाणासारखी वर येऊन हवेचा घोट घेते. तिचे आतडे त्या हवेतला प्राणवायू शोषते. तेवढ्याने घाबरू नये, पण सगळा कळप सारखा वर धावू लागला तर पाणी बिघडले असे समजावे.

नव्या टाकीत मासे लगेच सोडू नयेत. विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला काही आठवडे लागतात. नळाचे पाणी क्लोरीन मारणारे औषध टाकूनच भरावे. मीठ आणि तांबेयुक्त औषधे खवलेवाल्या माशांपेक्षा यांना अधिक झोंबतात, तेव्हा मात्रा बेताची ठेवावी. खाणे बुडणाऱ्या गोळ्यांच्या रूपात आणि दिवा मालवल्यावर द्यावे. इतरांचे उरलेसुरले त्यांना पुरत नाही.

पकडताना जाळी वापरू नये. पाठीवरचा आणि छातीच्या परांचे काटे मासा ताठ उभारून कुलूप घातल्यासारखे अडकवतो आणि मग जाळीच कापावी लागते. प्लॅस्टिकचा डबा बुडवून त्यात हाकलणे सोपे.

टाकीतले थोडे पाणी बदलून गार पाणी घातले की कोरीला पावसाळा आल्यासारखे वाटते आणि ती अंडी घालते. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात दोन-चार अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. नंतर आईबाप तीच अंडी खातात, म्हणून अंडी वेगळ्या भांड्यात काढावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पिवळ्या बलकाची पिशवी संपेपर्यंत त्यांना काही भरवावे लागत नाही.