ओळखचिन्ह आणि चौकट : नाण्यापासून स्टाइलशीटपर्यंत

संकेतस्थळावरील लोगोचा आकार बदलणे हे प्रयोगशाळेत पाच मिनिटांचे काम आहे. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. चिन्ह आणि ते ज्यावर उमटायचे ती चौकट, यांची मापे जुळत नसतील तर काय करायचे?

झाशी जिल्ह्यातील बेतवाकाठचे एरच घ्या. येथे ब्राह्मी लेख असलेल्या विटा आणि 'एरिकच्छ' हे नगरनाम कोरलेली तांब्याची नाणी मिळाली आहेत. नगराने नाण्यावर उमटवलेले स्वतःचे नाव म्हणजे त्या काळचा लोगोच. याच भागात पुढे मराठ्यांची झाशीची टांकसाळ चालली. तिच्या रुपयांवर बादशहा शाह आलमचे नाव आणि टांकसाळीचे 'बलवंतनगर' हे नाव फारसी लिपीत असे.

हाताने पाडलेल्या अशा नाण्यांत कोरलेला ठसा बहुधा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असे. चकतीचे वजन ठरलेले आणि ठशाचे माप न बदलणारे. त्यामुळे घाव जसा बसेल तेवढाच मजकूर उमटे. 'श्री राजा शिव' हा लेख असलेल्या अनेक शिवराईंवर एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले दिसते. टांकसाळीचे नावच कापले गेले, तर अभ्यासकांना नाण्यावरील बारीक खुणांवरून ती ओळखावी लागते.

वेबवर १९९३ साली मार्क अँड्रीसन यांनी चित्रासाठी 'इमेज' टॅग सुचवला. पुढे रुंदी आणि उंची त्या टॅगमध्येच लिहिली जाऊ लागली. दोनशे पानांच्या स्थळावर लोगो लहान करायचा, तर दोनशे ठिकाणी बदल करावा लागे. म्हणजे माप अजून ठशातच कोरलेले होते. हाकोन व्ह्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा प्रस्ताव मांडला आणि बर्ट बॉस यांच्या साथीने तो विकसित केला. १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती अधिकृत झाली. आता चिन्ह एका जागी आणि मापाचा नियम दुसऱ्या जागी राहू लागला.

२०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी लवचीक मांडणीची कल्पना मांडली, कारण चौकटच आता फोनगणिक बदलत होती. समजा, लोगो ६०० × २०० पिक्सेलचा आहे आणि पडदा ३२० पिक्सेल रुंद आहे. नियम न लिहिल्यास लोगो पडद्याबाहेर जाईल. 'मॅक्स-विड्थ : १०० टक्के' लिहून उंची २०० च ठेवली, तर तो चेपला जाईल. सोबत 'हाइट : ऑटो' लिहिले, की उंची सुमारे १०७ पिक्सेल होते आणि प्रमाण टिकते.

चौकटीची रुंदी व उंची दोन्ही ठरलेली असतील, तर 'ऑब्जेक्ट-फिट' वापरा. त्यातील 'कव्हर' चौकट भरते, पण कडा कापते, अगदी त्या रुपयासारखी. 'कंटेन' थोडी जागा रिकामी सोडते, पण चिन्ह पूर्ण दाखवते. छायाचित्राला 'कव्हर' चालेल, पण नाव असलेल्या लोगोसाठी 'कंटेन'च निवडा.

सराव : तुमच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ ३२० पिक्सेल रुंदीत उघडा. लोगोतील नाव पूर्ण वाचता येते का? येत नसेल, तर कोणता नियम चुकला किंवा राहून गेला, ते शोधून लिहा.