हिरड्यांचं औषध, दातांचा रंग

दंतवैद्याच्या खणात एक पट्टी असते. तिच्यावर चिनी मातीचे सोळा खोटे दात ओळीनं खोचलेले असतात. दात पांढरे करून घ्यायला आलेल्याला डॉक्टर आधी खिडकीच्या उजेडात बसवतात, ओठ वर करायला सांगतात आणि पट्टीतला एकेक दात त्याच्या दाताशेजारी धरून बघतात. जुळला की कागदावर नोंद होते. माझ्या नावापुढे 'ए-साडेतीन' लिहिलं गेलं, तेव्हा काठावर पास झाल्यासारखं वाटलं. उजळपणाच्या क्रमात सगळ्यात वर बी-१, तळाशी सी-४. माझा नंबर खालून मोजलेला सोपा.

ही पट्टी जर्मनीतल्या व्हिटा कंपनीची, १९५६ सालची. ती बनली होती कॅप आणि कवळीचे दात शेजारच्या दातांशी रंगानं जुळावेत म्हणून. दात उजळणं तिच्या गावीही नव्हतं. आता तीच पट्टी उलटी वापरून 'किती पायऱ्या चढलो' ते मोजतात. या विद्येची कुळकथा शोधू गेलं तर पदोपदी हेच दिसतं. हिच्या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू शेजाऱ्याकडून मागून आणलेली आहे, आणि ती वस्तू आपल्या माहेरच्या खोडी बरोबर घेऊन आली आहे.

पहिली उसनवारी कापडाच्या धंद्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दंतवैद्यांपुढे प्रश्न होता तो मेलेल्या दातांचा. मार लागून आतली शीर मेली की रक्त दाताच्या अंगात झिरपतं आणि दात आतून करडा, काळपट होतो. बाहेरून कितीही घासा, काही उपयोग नाही. तेव्हा कापड पांढरं करायची चुन्याची ब्लीचिंग पावडर दातात भरून बघितली गेली. १८६४मध्ये जेम्स ट्रूमन यांनी तिच्यात अ‍ॅसेटिक आम्ल घालून सुटणाऱ्या क्लोरीनचा उपयोग केला. म्हणजे दात पांढरे करण्याची विद्या सुरू झाली ती निर्जीव दातापासून, आणि तीही आतून.

दुसरी उसनवारी हायड्रोजन पेरॉक्साइडची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८१८मध्ये हा द्रव पहिल्यांदा तयार केला. पाण्यात ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा कोंबलेला, आणि तो सुटायला सदा उतावीळ. पुढे १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात तो केस सोनेरी करायचं पाणी म्हणून लोकांपुढे आला. १८८४च्या सुमारास हार्लन या दंतवैद्यांनी तो दातांवर वापरला. मग तो ईथरमध्ये मिसळून 'पायरोझोन' झाला, ३० टक्क्यांचा तीव्र होऊन 'सुपरऑक्सॉल' झाला. सोबत उष्णता हवी, झगझगीत दिवा हवा, ही समजूतही १९१८पर्यंत रुजली होती. आजच्या दवाखान्यातला निळा दिवा त्याच घराण्यातला.

आपल्याकडे याच काळात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, उलटा उद्योग चालू होता. बायका दातवण लावून दात काळे करत. हिरडा आणि हिराकस हे त्यातले मुख्य घटक. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. जुनी शाई याच जोडीनं होत असे. जपानातही लोखंड आणि टॅनिनचीच काळी झळाळी प्रतिष्ठेची मानत. १८७३मध्ये तिथल्या सम्राज्ञीनं पांढऱ्या दातांनी दर्शन दिलं, तेव्हा कुठे वारं फिरलं. गंमत अशी की चहाच्या कपानं आपल्या दातांवर जो पिवळट-तपकिरी थर चढतो त्यातही टॅनिनच्याच घराण्यातली द्रव्यं असतात. आजीनं ज्याला शृंगार म्हणून दातावर बसवलं, त्याचे भाऊबंद उतरवायला नात पैसे मोजते.

हा वरचा थर काढणं वेगळं आणि दाताचा रंग बदलणं वेगळं. राखुंडी, मीठ, कोळसा, माकडछाप काळं दंतमंजन ही सगळी घासण्याची साधनं. त्यांतली भरड साधनं डागाबरोबर दातही खरवडतात. दवाखान्यात होणारं स्केलिंगसुद्धा कीटण आणि डाग काढतं, दाताचा मूळ रंग बदलत नाही. 'दात साफ केले तरी पिवळेच कसे?' ही तक्रार याच घोटाळ्यातून येते. दाताचं वरचं कवच, एनॅमल, अर्धपारदर्शक असतं. पिवळेपणा असतो तो त्याखालच्या डेंटिनचा. वय वाढतं तसं कवच झिजतं, खालचं डेंटिन जाड आणि गडद होतं. त्यामुळे पन्नाशीतला निरोगी दातही पंचविशीतल्यापेक्षा पिवळा दिसणारच. तो रोग नव्हे.

रंग आत असेल तर कवच सोलून काढू, असाही विचार होऊन गेला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१मध्ये फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्यानं दवाखाना थाटला आणि गावातल्या लोकांचे चॉकलेटी डागांचे दात बघून तो चक्रावला. कारण सापडायला तीस वर्षं गेली: १९३१मध्ये पाण्यातलं जादा फ्लोराइड पकडलं गेलं. दरम्यान १९१६मध्ये वॉल्टर केन यांनी हेच डाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि उष्णता वापरून उतरवले. डाग गेले, पण कवचाचा पापुद्राही गेला. यवतमाळ, चंद्रपूर भागांत बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर हेच डाग दिसतात. तिथे नुसत्या ब्लीचिंगचा भरवसा धरता येत नाही. तपकिरी डाग फिके होतात, पण खडूसारखे पांढरे ठिपके जागचे हलत नाहीत, उलट सुरुवातीला जास्तच उठून दिसतात.

आणि मग खरी कलाटणी मिळाली ती रंगाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडून. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अर्कान्सॉमधल्या फोर्ट स्मिथ गावी बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. तारा काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून पेशंट रात्री साचा घालून झोपत. त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या, म्हणून क्लुस्मायर यांनी त्या साच्यात हिरड्यांवरचं औषध घालायला सांगितलं. बाजारात सहज मिळणारं ते जंतुनाशक म्हणजे १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. हिरड्या बऱ्या झाल्या. वर दातही उजळले. डॉक्टरांनी ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना सांगितली, कोणी करून बघितली, बहुतेकांनी सोडून दिली. तब्बल वीस वर्षांनी, १९८९मध्ये, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी त्यावर शास्त्रीय लेख लिहिला, आणि दोनेक वर्षांत त्याचा उद्योग झाला. तेव्हा साचा तारांच्या दवाखान्याचा, जेल हिरड्यांच्या बाटलीतलं, मोजपट्टी कवळीवाल्याची.

या उसन्या औषधाची खुबी त्याच्या सौम्यपणात होती. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तेही सावकाश, रात्रभर. त्याचा रेणू इतका लहान की कवचातून आत डेंटिनपर्यंत जातो. तिथल्या रंगद्रव्यांच्या मोठ्या साखळ्या तो तोडतो. तुकडे प्रकाश कमी शोषतात आणि दात फिका दिसतो. आम्लासारखं काही सोलावं लागत नाही. दंतवैद्याकडच्या ब्लीचिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच: कवच शाबूत राहून रंग बदलतो, आणि किडलेला दात, तडा, सुजलेली हिरडी हे सगळं आधी कोणीतरी बघितलेलं असतं.

खुर्चीत बसून एका दिवसात करायचा प्रकार त्याच द्रव्याचा, पण २५ ते ४० टक्क्यांच्या ताकदीचा. एवढं पेरॉक्साइड हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून चरचरते. म्हणून डॉक्टर हिरडीच्या कडेनं पातळ लेप काढतात आणि दिव्यानं तो रबरासारखा कडक करतात. मग जेल लावा, पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पुन्हा लावा, असे तीनेक फेरे. युरोपात ६ टक्क्यांच्या वरचं द्रव्य यासाठी चालतच नाही, आणि ०.१ टक्क्यापेक्षा तीव्र काहीही दंतवैद्याला वगळून विकता येत नाही. अठराच्या आतल्यांना तर नाहीच. निळ्या दिव्यानं काम जास्त चांगलं होतं, हे मात्र अभ्यासांत नीट टिकलेलं नाही. उष्णतेचा इतिहासही बरा नाही. १९७९मध्ये हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी दाखवलं की सुपरऑक्सॉल आणि उष्णता वापरून पांढऱ्या केलेल्या मृत दातांची मुळं काही पेशंटमध्ये पुढे बाहेरून झिजली. अशा दातांसाठी मग सोडियम परबोरेट, म्हणजे कपड्यांच्या पावडरीतलंच द्रव्य, आत भरून दात बंद करायचा आणि पेशंटला घरी धाडायचं, ही १९६१पासूनची पद्धत जास्त रुजली.

माझं काम घरच्या साच्याचं होतं. मापं घेतली, आठवड्याभरात पातळ पारदर्शक साचा हातात आला. प्रत्येक दाताच्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढं जेल घालायचं, जास्त घातलं तर हिरडीवर उतरतं. तिसऱ्या रात्री दात आंबले. कैरी न खाता. गार पाण्यानं सणक जाई. डॉक्टर म्हणाल्या, एक दिवसाआड घाला, जेल बंद केलंत की जाईल, आणि खरोखरच गेली. माझ्यासारख्यांचा पिवळेपणा दोनेक आठवड्यांत हलतो. लहानपणी टेट्रासायक्लिन घेतलेल्यांचा करडा रंग मात्र महिनोन्‌महिने चिवटपणे बसून राहतो. गरोदरपणात हे करत नाहीत. कोणीही केलं तरी ते कायमचं नाही: चहा, तंबाखू आणि वय आपलं काम थांबवत नाहीत. खुर्चीतल्या कामात तर त्या संध्याकाळचा पांढरेपणा थोडा फसवा असतो; तोंड तासभर उघडं राहून दात सुकलेले असतात, ते ओले झाले की अर्धी-एक पायरी खाली उतरतात.

दोन आठवड्यांनी पट्टी पुन्हा दाताशेजारी आली. ए-साडेतीनचा ए-१ झाला होता. मी आरशात वळलो आणि पुढच्या एका दाताच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन दिसला. दहा वर्षांपूर्वी तिथे सिमेंट भरलं होतं, तेव्हाच्या दाताशी अगदी जुळवून. पेरॉक्साइड दाताचा रंग सोडवतं. सिमेंट, कॅप, व्हिनियर यांना ते ढिम्म हलवत नाही. 'आत्ता बदलू?' मी विचारलं. 'दोन आठवडे थांबा,' डॉक्टर म्हणाल्या. 'दातात ऑक्सिजन अडकलेला असतो, नवं सिमेंट नीट चिकटणार नाही.'

मग ते दोन आठवडे मी तो ए-साडेतीनचा तुकडा तोंडात घेऊन हिंडलो. चिनी मातीच्या पट्टीची गरज उरली नव्हती. कुठून निघालो होतो ते आरशात बघितलं की कळत होतं.