शुद्ध प्रत आणि संगणकीय ठसा

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत नकलकारांच्या हातून इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अशा कामी प्रत प्रतीशी ताडून पाहण्यावाचून उपाय नसतो.

संगणकातील फाइलीसाठी आज ‘हॅश’ नावाचा ठसा असतो. फाइलीतील अक्षर न् अक्षर गणिती प्रक्रियेतून नेऊन तो काढतात. ‘शा-२५६’ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा होतो. एक काना बदलला तरी अवघा ठसा पालटतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी रचलेली ‘ट्रिपवायर’ ही प्रणाली यंत्रातील फाइलींचे ठसे आधी टिपून ठेवी आणि पुढे ते ताडून कोणत्या फाइलीत फेरफार झाला ते सांगे. नाथांचे काम याहून कठीण. ठसा बदल दाखवतो, मूळ शब्द परत देत नाही.

मूळ ठसाही विश्वासू हाती हवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळात शिरून घुसखोरांनी चोरवाट दडवलेली प्रत लोकांपुढे ठेवली. जेथे प्रत तेथेच ठसा असेल, तर चोर दोन्ही बदलील. शिवाय पद्धतीही जुन्या होतात: २००४ मध्ये वांग शियाओयुन या चिनी विदुषीने सहकाऱ्यांसह भिन्न मजकुरांचा एकच ‘एमडी-५’ ठसा काढून दाखवला.

भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. रामाकोन्याच्या शेतकऱ्याने भ्रमणध्वनीतील ध्वनिमुद्रण न्यायालयात पुरावा म्हणून दिले, तर कलम ६३ च्या प्रमाणपत्रात त्याचा हॅश लिहावा लागतो. त्या नमुन्यात ‘एमडी-५’लाही जागा ठेवली आहे, हे मला खटकते.