आण्णांची पेटी आणि कल्याणची शांबरिक खरोलिका



चातुर्मासाआधी माळा आवरायचा हा आपल्याकडचा शिरस्ता. या वर्षी आमच्या चिंचवडच्या घरात माळ्यावरून एक राखाडी पेटी खाली आली आणि मग आवरणं राहिलंच. पेटी इतकी जड की दोघांनी धरून उतरवावी लागली. आत माझ्या सासऱ्यांचा, आण्णांचा, स्लाइड प्रोजेक्टर होता.

आण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात होते. कामगारांना मशीनचे भाग समजावताना ते भिंतीवर चित्रं दाखवायचे. पुढे ही यंत्रं भंगारात काढली तेव्हा त्यांनी त्यातलं एक वजनावर विकत घेतलं. आई (म्हणजे सासूबाई) तेव्हा म्हणाल्या होत्या, "घरात परिग्रह काय थोडा होता का, म्हणून हे आणलंत?" आण्णा गेले, पेटी राहिली. मला मात्र त्या पेटीमागचा इतिहास शोधायचा नाद लागला. तो आपल्याच महाराष्ट्रात इतका मागे जातो हे मला ठाऊक नव्हतं.

दिव्यासमोर चित्राची काच धरायची आणि भिंगातून ते चित्र भिंतीवर मोठं करून पाडायचं, ही युक्ती हॉलंडच्या क्रिस्तियान हॉयगन्स या शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास केली. इंग्रजीत तिला मॅजिक लँटर्न म्हणतात, म्हणजे जादूचा कंदील. साहेबाबरोबर तो इकडे आला. आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांना हाताशी धरून १८९२ च्या सुमारास त्याचा एक देशी खेळच उभा केला. नाव ठेवलं 'शांबरिक खरोलिका'. शांबरी म्हणजे जादू, मायाविद्या.

नावावर जाऊ नका, खेळ फार लोभस होता. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने, रंगाने, रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले. सर्कससुद्धा होती. एकाच आकृतीच्या हातापायांच्या वेगवेगळ्या स्थिती वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि एकाहून जास्त कंदील वापरून त्या भराभर बदलायच्या, की पडद्यावरचं चित्र हलल्यासारखं दिसायचं. सोबत निवेदन आणि संगीत. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला. म्हणजे कल्याणची चित्रं त्याच्या चारेक वर्षं आधी हलत होती! आपल्याकडे सिनेमाचा इतिहास फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून सांगतात. तो खराच आहे, पण त्याच्या आधीचं हे पान कुणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या काचा पटवर्धनांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आणि आता त्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आल्या आहेत. काच आहे ती, एक धक्का पुरे. सव्वाशे वर्षं एका घराने त्या कशा सांभाळल्या असतील, हे घर चालवणाऱ्या बाईलाच कळेल.

पुढे सिनेमा आला तरी स्लाइड गेली नाही. थिएटरमध्ये खेळाआधी दंतमंजनाच्या आणि साडीच्या दुकानाच्या जाहिराती स्लाइडवरच यायच्या. 'अमक्या गाडीच्या मालकाने ताबडतोब बाहेर यावे' हीसुद्धा स्लाइडच, हाताने लिहिलेली.

फिल्मवरची रंगीत स्लाइड घरोघरी गेली ती कोडॅकच्या कोडाक्रोममुळे. ३५ मिलिमीटरची ती फिल्म १९३६ मध्ये आली. १९६१ मध्ये कोडॅकने कॅरूसेल प्रोजेक्टर काढला. वर गोल ट्रे, त्यात ८० खाचा, बटण दाबलं की ट्रे एक घर पुढे सरकतो आणि स्लाइड आपल्या वजनानेच खाली दिव्यासमोर उतरते. आमची पेटी त्याच घराण्यातली, पण जर्मनीत बनलेली.

आपल्या पट्ट्यात तोवर कारखाने उभे राहू लागले होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात बजाज, टेल्को. आमच्यासारखी सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी जैन घरं या नोकऱ्यांपायीच इकडे आली. चाकणची गोष्ट वेगळी. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं आणि चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला २००९ मध्ये. त्यामुळे माझ्या मुलाला, जो चाकणला नोकरीला जातो, ही पेटी म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागलं.

आता खरी गंमत. यंत्र मिळणं सोपं, त्याचं सामान मिळणं कठीण. आमच्या पेटीतला दिवा गेलेला होता. प्रोजेक्टरच्या नावाने विचारलं तर दुकानदार हसत. मग कळलं की दिवा २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन आहे आणि शाळा-कॉलेजात पारदर्शक कागद भिंतीवर दाखवायचं जे यंत्र असायचं, त्यातही बऱ्याचदा हाच लागतो. असा एक जुना, खोक्यातच राहिलेला मिळाला. दिव्यापुढे उष्णता शोषणारी एक जाड काच असते, ती शाबूत आहे का हे आधी पाहावं. ती नसेल तर स्लाइड वाकते, भाजते. ट्रे घ्यायचा तर ८० खाचांचा. १४० खाचांचाही निघाला होता, पण त्याच्या खाचा अरुंद, त्यात पुठ्ठ्याच्या चौकटीची फुगलेली स्लाइड हमखास अडकते.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तो, मी हौसेने दुसरं एक यंत्र घेतलं. विकणारा म्हणाला, "ताई, लावा की बिनधास्त." लावलं आणि फट्! ते अमेरिकन होतं, १२० व्होल्टचं, आपली वीज २३०. तेव्हापासून मागची पाटी वाचल्याशिवाय मी वायर हातात घेत नाही.

कुदळवाडीच्या भंगार गोदामांतून मात्र दोन ट्रे आणि वायरचा रिमोट मिळाला होता, किलोच्या भावाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, आता ती वाट बंद. मला हवं होतं ते एक सामान तिथेही सापडलं नाही. दोन प्रोजेक्टर जोडणारी एक पेटी असायची. एकाचा उजेड मंदावतो तसा दुसऱ्याचा वाढतो आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळतं. दोन कंदिलांनी एक चित्र दुसऱ्यात मिसळायची जुनी करामत हीच, फक्त इथे विजेवर.

एक गोष्ट मनाला लागली तीही सांगते. फिल्मवर रंग धरून ठेवणारा जो थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेला. पटवर्धनांची हाताने रंगवलेली काच आणि आपली फिल्म यांत हा फरक आहे. मी दोन दिवस त्या डब्यांना हात लावला नाही. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजाणतेपणी घेतलं. आता टाकून कोणता जीव परत येणार आहे? आत देव आहेत, नीट ठेव." तुमच्यापैकी कुणाला हे पटणार नाही, मला पूर्ण पटलंय असंही नाही. पण ठेवल्या. तोच जिलेटिनचा थर पावसाळ्यात बुरशीला आवडतो, म्हणून कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

स्लाइड होत्या साडेतीनशेच्या आसपास. यादी एकही नाही. आण्णांना सगळं तोंडपाठ, ते बोलत बोलत दाखवायचे. पटवर्धनांच्या खेळातही निवेदन होतंच, आणि बोलणारा माणूस गेला की चित्र नुसतं रंगाचं राहतं. म्हणून एका रविवारी भिंतीवर चादर लावली, आईंना खुर्चीत बसवलं, आणि त्या सांगतील ते मी वहीत नंबर घालून लिहू लागले. श्रवणबेळगोळ, फेब्रुवारी १९८१ चा महामस्तकाभिषेक. मूर्तीला हजार वर्षं झाली तो सोहळा. आण्णा पूर्व जर्मनीच्या ओरवो फिल्मचे दोन रोल घेऊन गेले होते. रंग आता तांबूस झालेत, पण गोमटेश्वरांचा चेहरा स्पष्ट आहे.

एकेचाळीस नंबरच्या स्लाइडवर, आकाशात, एक काळा ठिपका होता. बुरशी म्हणून मी ती बाजूला काढलेली, दुसऱ्या दिवशी पुसणार होते. आई पुढे वाकल्या.

"अगं, तो डाग नव्हे. ते हेलिकॉप्टर. इंदिराबाईंनी वरून फुलं टाकली ती बघ. आम्ही खाली उन्हात उभ्या होतो, माझ्या कडेवर तुझा नवरा."

मी भिंग आणून पाहिलं. पंखा दिसतो.